कोळशाची स्टेशनं : वरोरा ते झरिया, सात दिवस

दिवस पहिला – वरोरा, नागपूर

वरोऱ्याच्या स्टेशनावर मी आजवर किती वेळा चढलो-उतरलो त्याची गणती नाही. पण हे स्टेशन इथे का आहे, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. बाबा जवळच्याच माजरीच्या गुड्स ऑफिसात होते. आमच्या घरी जेवतानाही विषय रेकचा म्हणजे अख्ख्या मालगाडीचा, वाघिणींचा म्हणजे मालडब्यांचा, सायडिंगचा म्हणजे माल भरायच्या बाजूच्या रुळांचा. एकदा तेच सहज म्हणाले, "आपली ही लाइन माणसांसाठी नाही टाकली रे. कोळशासाठी टाकली. माणसं मागून बसली."

वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत आलेल्या या फाट्याचं जुनं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ अशी पस्तीस वर्षं चालली आणि बंद पडली. रूळ मात्र पुढे बल्लारशाकडे गेले. आता वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं. खाण कुणालाच आठवत नाही.

आणखी एक गोष्ट लहानपणापासून मनात होती. आमच्या भागातला कोळसा ज्या खडकात सापडतो त्याला भूगर्भशास्त्रात ‘बराकर’ म्हणतात. मला वाटायचं, बराकर हा कुणी गोरा साहेब असावा. पुढे कळलं की ती नदी आहे, बंगाल आणि झारखंडच्या सीमेवरची. म्हणजे आमच्या जमिनीखालच्या दगडाला तिकडच्या नदीचं नाव. तिकडे जायचं, आणि या देशातली पहिली कोळशाची रेल्वे जिथून सुरू झाली तिथून सुरुवात करायची, हे तेव्हाच ठरवलं होतं. या पौषात जमलं. संध्याकाळी नागपूरला हावड्याची गाडी पकडली.

दिवस दुसरा – हावडा

दिवसाचा बराच भाग गाडीतच गेला. हावड्याला उतरल्यावर हुगळीच्या काठावर तासभर बसलो, एवढंच.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळकरी पोरालाही पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे. इथली तारीख १५ ऑगस्ट १८५४, हावडा ते हुगळी. त्यानंतर सहा महिनेही झाले नाहीत तोच, ३ फेब्रुवारी १८५५ ला गाडी थेट राणीगंजपर्यंत गेली, १२१ मैल. ईस्ट इंडियन रेल्वेशी १८४९ मध्ये जो करार झाला तो प्रायोगिक मार्गाचा होता, आणि तो प्रयोग कुठे करायचा याचं उत्तर कोळशाने दिलं. माणसं बसतील की नाही याची साहेबांना खात्री नव्हती. कोळसा बसणार याची होती.

दिवस तिसरा – राणीगंज

सकाळच्या गाडीचं नाव ‘ब्लॅक डायमंड एक्सप्रेस’. हावडा ते धनबाद. याच मार्गावरची दुसरी गाडी ‘कोलफील्ड एक्सप्रेस’. गाड्यांना नद्यांची, देवांची, किल्ल्यांची नावं असतात. इथे ती खाणीवरून पडली आहेत. डब्यात रोजची माणसं, झालमुडीचा खमंग वास, बर्धमानला मिहिदाना ही मिठाई घेण्यासाठी उडालेली झुंबड. पानागडनंतर भातखाचरं विरळ होत जातात, माती लाल होते, आणि अंडाळच्या यार्डात एकदम काळं. रुळांमागून रूळ, सगळे भरलेल्या वाघिणींनी व्यापलेले. मी बाबांच्या सवयीने मोजायला लागलो, दोन रेक मोजून झाल्यावर सोडून दिलं.

राणीगंज स्टेशन तसं साधं. बाहेर घाऊक बाजाराची गर्दी, टोटो म्हणजे विजेच्या रिक्षा, हातगाड्या. बर्धमानच्या राणीच्या नावावरून हे गाव ओळखलं जातं, जमीन त्या राजघराण्याची होती म्हणून. मी आधी स्टेशन सोडून नदीकडे गेलो, कारण स्टेशन समजायचं तर स्टेशनाआधी काय होतं ते पाहायला हवं.

दामोदरच्या काठी नारायणकुडी नावाची जागा आहे. द्वारकानाथ टागोरांच्या ‘कार, टागोर आणि कंपनी’ने १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली, तिच्या खुणा इथे दाखवतात. झाडोऱ्यात शिरलेलं जुनं विटकाम, आणि खाली नदी. नदी म्हणजे काय, तर पौषात नुसती वाळू. मधून एक बारीक प्रवाह, त्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून बायका भांडी घासत होत्या. या नदीतून कोळसा कलकत्त्याला जायचा! होड्या चालायच्या फक्त पावसाळ्यात. वर्षभर खणायचं, घाटावर ढीग लावायचे, आणि आषाढाची वाट पाहायची. पाणी आलं की होड्या आमत्यापर्यंत, तिथून पुढे हुगळीत. पाऊस लांबला तर भांडवल काठावर पडून. एखाद्या शेतकऱ्यासारखाच खाणमालकही आभाळाकडे डोळे लावून बसलेला असायचा.

द्वारकानाथांना हे सगळ्यात आधी उमगलं. कलकत्त्याहून कोळसाक्षेत्रापर्यंत रेल्वे ताबडतोब होणार असेल तर एक तृतीयांश भांडवल मी उभं करतो, असं त्यांनी सांगितलं होतं. १८४६ मध्ये ते लंडनला वारले. गाडी आली नऊ वर्षांनी. रवींद्रनाथांचे आजोबा एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे, याचं मला त्या वाळूत उभं राहून खरंच वाईट वाटलं.

दुपारी परत स्टेशनावर आलो आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. इथे रूळ संपायचे. पुढे काही वर्षं कलकत्त्याहून उत्तरेकडे रस्त्याने जाणाऱ्याला राणीगंजपर्यंत गाडी आणि इथून घोड्याची डाकगाडी किंवा बैलगाडी, ग्रँड ट्रंक रोडने. कोळशासाठी बांधलेल्या स्टेशनाचा पहिला मोठा उपयोग मात्र सैन्याला झाला. गाडी सुरू झाली त्याच वर्षी, १८५५ च्या जूनअखेरीस संथाळांचं ‘हूल’ म्हणजे बंड पेटलं, आणि ते चिरडायला फौजा याच मार्गाने आल्या. दोन वर्षांनी सत्तावन्न. कर्नल नीलची मद्रासची पलटण हावड्याला पोचायला उशीर होत होता आणि गाडी सुटायची वेळ झाली होती. नीलने रेल्वेच्या माणसांनाच ताब्यात घेऊन गाडी अडवून ठेवली. ती गाडी इथेच येऊन थांबली असणार. इथून ते बनारसकडे आणि अलाहाबादकडे गेले, आणि तिथे त्यांनी ज्या कत्तली केल्या त्या आपण इतिहासात वाचलेल्या आहेत. कोळसा खाली कलकत्त्याकडे उतरायचा त्याच फलाटावरून तोफा वर चढल्या.

मग कारखाने आले. बर्न कंपनीचा मातीच्या पाइपांचा, कागदाची गिरणी. ज्या गावाच्या दारात कोळसा आणि दारातच गाडी, तिथे भट्टी लावणाऱ्याला आणखी काय हवं? पण १८६३ मध्ये रूळ आसनसोलपर्यंत सरकले. राणीगंज टोकाचं स्टेशन होतं ते मधलं झालं. टोकाला जो मान असतो तो मधल्याला कधीच नसतो.

दिवस चौथा – आसनसोल, बराकर

‘आसन’ म्हणजे आपल्याकडचा ऐनाच्या जातीचा वृक्ष. त्या झाडांच्या माळावर आसनसोल उभं राहिलं. राणीगंजपासून जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर, पण इथे पाऊल ठेवल्यावर कळतं की रेल्वेने आपला संसार इथे मांडला. जुने बंगले, रुंद सावलीचे रस्ते, इंजिनांची शेड, कर्मचाऱ्यांच्या वसाहती. आणि रुळांच्या पलीकडे जी वस्ती, तिचं नावच ‘रेलपार’. दाटीवाटीची घरं, बेकऱ्या, शिंप्यांची दुकानं. चुरुलियाचा कवी काझी नझरूल इस्लाम कोवळ्या वयात याच गावात पावाच्या दुकानात राबला. गावाचे दोन भाग नदीने पडतात तसे इथे रुळांनी पाडले आहेत: अलीकडे कंपनीचे, पलीकडे बाकी सगळे. माजरीत असंच होतं. आम्ही क्वार्टरमधली पोरं, आणि ‘लाइनच्या तिकडची’ पोरं. हा शब्द मी स्वतः वापरलेला आहे. आज तो आठवून बरं वाटत नाही.

सीतारामपूरला मार्ग फुटतात. एक मधुपूरकडे, एक बराकर-धनबादकडे. बराकरचा हा फाटा १८६५ चा, निव्वळ कोळशासाठी टाकलेला छोटा तुकडा, आणि मग एकोणतीस वर्षं तिथेच थांबलेला. म्हणजे राणीगंजनंतर रुळांचं टोक होण्याचा मान बराकरला मिळाला. शेजारी कुल्टीला लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, त्याही याच फाट्याच्या जोरावर.

बेगुनियाची दगडी देवळं पाहिली, निमुळत्या शिखरांची, त्यातलं सर्वांत जुनं हजाराहून जास्त वर्षांचं. मग चालत नदीवर गेलो. पात्रात खडक उघडे पडलेले. खाली बसून एक तुकडा उचलला. पांढुरका, भरड, हाताला खरखरीत वाळूचा दगड, मधे मधे मळकट पांढरे दाणे, अंगठ्याने घासले की त्यांचं पीठ होतं. अगदी असाच दगड माजरीला आमच्या क्वार्टरमागची विहीर खणली तेव्हा निघाला होता. आम्ही पोरांनी त्याने फरशीवर रेघा ओढल्या होत्या. दगड खिशात टाकला. बाबांना द्यायचा.

दिवस पाचवा – मधुपूर, गिरिडीह

आसनसोलहून मधुपूर, आणि मधुपूरहून गिरिडीहची पॅसेंजर. जगदीशपूर, महेशमुंडा, आणि मग गिरिडीह. अडतीस किलोमीटरचा हा फाटा १८७१ चा आहे, आणि मला या प्रवासात सगळ्यात जास्त आवडला तो हाच.

कारण इथलं नातं निराळं. राणीगंजला खाण एकाची, गाडी दुसऱ्याची. गिरिडीहच्या करहरबारी आणि सेरामपूर भागातल्या खाणी ईस्ट इंडियन रेल्वेने स्वतःच चालवल्या. इथला कोळसा इंजिनाच्या भट्टीसाठी उत्तम. तेव्हा खणणारी रेल्वे, वाहणारी रेल्वे आणि जाळणारीही रेल्वेच. स्टेशन म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघराचं दार होतं म्हणा ना. रोज इथून जळण निघायचं आणि शेकडो मैलांवरच्या शेडमध्ये इंजिनांच्या पोटात पडायचं. एका मालकाच्या हातात एवढं सगळं एकवटलं की गावातल्या माणसाचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. घर त्यांचं, काम त्यांचं, आणि गाव सोडून जायची गाडीही त्यांचीच.

पण ज्या गाडीने कोळसा गेला तिनेच दुसरी माणसं आणली. कलकत्त्याची बंगाली मंडळी ‘हवाबदला’ला मधुपूर, गिरिडीहला येऊ लागली. कोरडी हवा, विहिरीचं पाचक पाणी, उस्री नदीचा धबधबा. घरं बांधली, बागा लावल्या. जगदीशचंद्र बसूंनी १९३७ मध्ये शेवटचा श्वास इथेच घेतला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचं घरही इथे होतं. कोळशाची धूळ आणि गुलाबाच्या बागा एकाच फाट्याच्या टोकाला! स्टेशन बांधणाऱ्यांच्या हिशेबात हे नव्हतं. स्टेशन एकदा उभं राहिलं की त्यावर कोण उतरेल ते बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मराठी माणसासाठी या भागात आणखी एक ठिकाण आहे. मधुपूरच्या परिसरात करौं नावाचं गाव आहे. मराठ्यांच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबात, १८६९ साली, सखाराम गणेश देउस्करांचा जन्म तिथे झाला. ते देवघरला शिक्षक होते, मग कलकत्त्यात ‘हितवादी’चे संपादक. त्यांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिलं. परक्या राज्यात देशाची संपत्ती कशी ओढून नेली जाते, याचा आकडेवारीनिशी मांडलेला हिशेब. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. करौंचा हा मुलगा जेमतेम वर्ष-दोन वर्षांचा असताना गिरिडीहचा फाटा सुरू झाला. आपल्या गावाजवळून काय जातं आहे आणि कुणाकडे जातं आहे, हे त्याने लहानपणापासून पाहिलं असणार असं मला राहून राहून वाटत होतं. बंगालमध्ये मराठा म्हटलं की अजूनही बर्गींची म्हणजे अठराव्या शतकातल्या मराठा स्वारांची लूट आठवतात, आयांच्या अंगाईगीतातसुद्धा ती आहे. त्याच बंगालीत एका मराठी घरातल्या माणसाने लुटीचा हा दुसरा हिशेब लिहून ठेवला. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेत शिकवलं जायला हवं.

दिवस सहावा – धनबाद

गिरिडीहहून टुंडी, गोविंदपूर असा बसचा रस्ता. वाटेत चढावर सायकलींची रांग दिसली. सायकलवर कोणी बसलेलं नाही. दांड्याच्या त्रिकोणात एक पोतं, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पोती, वर आडवं एक. माणूस एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हाताने सीटला रेटत, अंग जवळजवळ जमिनीला समांतर करून ढकलतो आहे. चढ संपला की तो सायकलला काठीचा टेकू लावतो आणि तिच्याशेजारी उकिडवा बसतो. एकजण बस थांबली तिथेच टेकला होता. थंडीतही बनियन भिजून पाठीला चिकटलेलं. ज्या मुलखात रुळांचं एवढं जाळं, तिथे हा कोळसा आजही माणसाच्या खांद्याच्या जोरावर चालला आहे.

धनबादची गोष्ट १८९४ ला सुरू होते. बराकरला थांबलेले रूळ त्या वर्षी धनबाद-कतरासपर्यंत आले. झरियाचा कोळसा त्याआधीही माहीत होता, पण गाडी नाही तर कोळसा म्हणजे नुसता काळा दगड. रूळ आले आणि काही वर्षांतच झरियाने राणीगंजला मागे टाकलं. १९०६ मध्ये ग्रँड कॉर्ड ही जवळची लाइन सुरू झाली, आणि धनबाद कलकत्ता ते दिल्लीच्या हमरस्त्यावर आलं.

या रुळांचं काम करायला कच्छहून मिस्त्री कंत्राटदार आले होते. पूल बांधता बांधता, माती उकरता उकरता त्यांनी खाली काय आहे ते पाहिलं आणि जमिनी घेतल्या. खोरा रामजी हे त्यातलं मोठं नाव. झरियातल्या गोऱ्या कंपन्यांच्या मक्तेदारीत शिरलेले हे पहिले देशी खाणमालक, आणि आले ते स्टेशन बांधायला.

खरी सत्ता मात्र खाणीपेक्षा रिकाम्या वाघिणींत होती. खणलेला कोळसा वाघीण मिळेपर्यंत तोंडाशी पडून राहतो, पावसात भिजतो, कधी आपोआप पेटतो. ज्याची स्वतःची सायडिंग त्याच्या दारात इंजिन रिकामे डबे आणून सोडायचं. ज्याची नाही त्याने बैलगाडीने माल स्टेशनावर आणायचा आणि वाट पाहायची. वाघिणींच्या वाटपात मोठ्या कंपन्यांना झुकतं माप मिळतं, ही छोट्या देशी मालकांची जुनी तक्रार. संध्याकाळी फलाटावर एक निवृत्त गार्ड भेटले. बाबा मालखात्यात होते म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. सायडिंग-सायडिंग फिरून रिकामे डबे पोचवणाऱ्या आणि भरलेले गोळा करणाऱ्या गाडीला इथे ‘पायलट’ म्हणतात. ते म्हणाले, "पायलट आली की धौड्यात चूल पेटायची. नाही आली की काम नाही." धौडा म्हणजे मजुरांची चाळ.

मजूरही स्टेशनानेच आणले. संथाळ, बाउरी जवळपासचे. बिलासपूरकडचे मात्र गाडीतून आलेले. तो भाग तेव्हा आमच्या नागपूरच्याच मध्य प्रांतात होता, म्हणून ते ‘सी.पी.’चे खाणकामगार. नवरा कोळसा तोडायचा, बायको टोपलीने वाहायची. बायकांना भूमिगत कामाची बंदी टप्प्याटप्प्याने आली आणि १९३७ पर्यंत पुरी झाली, महायुद्धात उठली, १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. भात लावणीला आणि कापणीला ही माणसं गावी निघायची. गाड्या तुडुंब आणि खाणी ओस. खाणीचं पंचांग शेतीचंच राहिलं.

दिवस सातवा – झरिया, कतरास

सकाळी रिक्षावाल्याला म्हटलं, झरिया स्टेशन. त्याने वळून पाहिलं. "स्टेशन? वो तो कब का गया."

मला माहीत होतं, तरी ऐकायचं होतं. झरियाच्या कोळशाला आग लागल्याची पहिली नोंद १९१६ ची. ती अजून विझलेली नाही. धनबाद-झरिया-पाथरडीह हा मार्ग २००२ मध्ये या आगीपायी बंद झाला. ज्या कोळशाने स्टेशन बोलावलं, त्यानेच खालून ते पोकळ केलं. गावाबाहेर एका कडेला उभा राहिलो. भेगेतून पांढरा धूर, कोंबडीच्या पिसासारखा हलका, आणि गंधकाचा वास घशात बसणारा. वीसेक पावलांवर घर, दारात रांगोळी. हात जमिनीला लावून पाहिला. पौषातल्या सकाळी माती तव्यासारखी उबदार होती. दारातली बाई म्हणाली, "थंडीत बरं असतं. उन्हाळ्यात या म्हणजे कळेल." हे ती हिंदीत म्हणाली, हसून. मला हसता आलं नाही.

दुपारी धनबाद-चंद्रपुरा मार्गावरच्या गाडीत बसलो. हा मार्गही जून २०१७ मध्ये आगीच्या भीतीने बंद केला होता. कतरासच्या लोकांनी आंदोलनं केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. कुसुंडाच्या पुढे गाडी सावकाश झाली. डाव्या हाताला काळ्या ढिगाऱ्यांतून धुराच्या रेषा. डब्यातल्या कुणी मान वर करून पाहिलंही नाही. कॉलेजच्या मुली मोबाइलवर, एकजण मटार सोलत.

कतरासगढला उतरलो. स्टेशनाबाहेर धुस्का तळणाऱ्या मावशींना विचारलं, गाड्या बंद होत्या तेव्हा काय केलंत? "वीस महिने," त्या म्हणाल्या, "रोज दुकान मांडायचो. रोज चार-दोन लोक यायचे. फलाट झाडायला माणूस यायचा. त्यालाच चहा द्यायचो."

संध्याकाळी बाकावर बसून बाबांना फोन लावला. झरियाचं सांगितलं, आगीचं सांगितलं, बराकरच्या दगडाचं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते.

"मालधक्का पायला का?" त्यांनी विचारलं.

"पाहिला."

"वाघिणी उभ्या होत्या?"

मी मान वळवून पाहिलं. दूरच्या रुळावर रिकामा रेक उभा होता. "आहेत. रिकाम्या."

"मोज," बाबा म्हणाले. मी उठलो आणि फोन कानाला तसाच धरून एकेक वाघीण मोठ्याने मोजत फलाटाच्या टोकाकडे चालत गेलो.